रानातल्या घोड्याला घर मिळतं, ते कसं?

ट्रेलरचं दार उघडून चाळीस मिनिटं झाली तरी ती बाहेर येईना. आम्ही दोघी कुंपणापलीकडे लांब उभ्या होतो, आपसातही बोलत नव्हतो. आत अंधारात मधूनच पत्र्यावर खूर वाजायचा आणि पुन्हा सगळं शांत व्हायचं. शेवटी नाक बाहेर आलं. तिने जमीन हुंगली, एका झेपेत बाहेर पडली आणि कुंपणाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली. तोंड आमच्याकडे, कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या. दीड वर्षाची तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची घोडी. तोंडावर मोरखी, मोरखीला लोंबणारं लांब दावं, आणि मानेच्या डाव्या बाजूला आयाळीखाली पांढऱ्या केसांनी उमटलेली कोनांची एक ओळ.

ती अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्याच्या माळावर जन्मलेली रानघोडी होती, म्हणजे मस्टँग. मी तिथल्या रीनो शहराजवळ राहते. माझ्या शेजारणीने तिला सरकारकडून दत्तक घेतलं होतं. घरी फोनवर हे सांगितलं तेव्हा भावाला वाटलं, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या दत्तक घेतात तसं काहीतरी असेल. पैसे भरायचे, प्रमाणपत्र भिंतीला लावायचं, बिबट्या आपल्या जागी. मस्टँगचं तसं नाही. घोडा खरोखर तुमच्या दारात येतो आणि पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो.

भावाशी बोलताना लक्षात आलं की हा विषय दिसतो तितका सरळ नाही. रानातल्या घोड्याला मुळात घर का शोधायचं? तो रानात सुखी नाही का? आणि अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात साठ हजारांहून जास्त घोडे सरकारी कोंडवाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांत का उभे आहेत? म्हणून जमेल तेवढं उलगडून लिहिते.

कोंडवाडा हा शब्द मी मुद्दाम वापरला. मस्टँग हे नाव मेक्सिकोतल्या स्पॅनिशमधल्या ‘मेस्तेन्यो’ या शब्दावरून आलं. त्याचा अर्थ भटकं, मालक नसलेलं जनावर. गावात मोकाट जनावर सापडलं की ते कोंडवाड्यात घालतात, तसलं जनावर. घोड्यांचे पूर्वज लाखो वर्षं उत्तर अमेरिकेतच उत्क्रांत झाले, पण सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तिथून नाहीसे झाले. परत आले ते स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत घोडे कॅरिबियन बेटांवर उतरवले, कोर्तेसने १५१९ मध्ये मेक्सिकोच्या भूमीवर. तिथून ते मूलनिवासी जमातींकडे गेले, काही सुटले, काही सोडले गेले. पुढे लष्कराचे, शेतकऱ्यांचे, खाणकामगारांचे घोडेही त्यांत मिसळले. त्यामुळे मस्टँग ही एकच एक जात नाही. ओरेगनच्या कायगर भागातले घोडे अजून जुन्या स्पॅनिश वळणाचे दिसतात, तर दुसऱ्या एखाद्या कळपात नांगराला जुंपणाऱ्या भारी घोड्यांचं हाड दिसतं.

विसाव्या शतकात या घोड्यांचे फार हाल झाले. ट्रक आणि विमानं लावून त्यांना पळवायचं, पकडायचं आणि कुत्र्यांच्या खाद्यासाठी नाहीतर कोंबड्यांच्या दाण्यासाठी मारायचं, हा सरळ धंदा होता. तो थांबवण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. व्हेल्मा जॉन्स्टन. लहानपणी पोलिओ झालेला, रीनोत विमा कचेरीत सेक्रेटरी. १९५० मध्ये कामावर जाताना तिच्यापुढे एक ट्रक चालला होता आणि त्यातून रक्त ठिबकत होतं. तिने ट्रकचा माग काढला, तेव्हा आत खाटिकखान्याला चाललेले रानघोडे दिसले. त्यानंतर ती आयुष्यभर या कामातून हटली नाही. विरोधकांनी हेटाळणीने ‘वाइल्ड हॉर्स अ‍ॅनी’ म्हटलं, तर तिने तेच नाव लावलं. १९५९ मध्ये वाहनांनी रानघोडे पकडण्यावर आणि पाणवठ्यांत विष घालण्यावर बंदी आली. मग शाळकरी पोरांनी वॉशिंग्टनला पत्रांचा पाऊस पाडला आणि १५ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी रानघोडे आणि रानगाढवं यांच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही केली. दोन्ही सभागृहांत एकही मत विरोधात पडलं नव्हतं.

कायद्याने दोन गोष्टी मागितल्या

या कायद्याने एकीकडे सांगितलं की हे घोडे देशाचा वारसा आहेत, त्यांना कोणी पकडू नये, छळू नये, मारू नये. दुसरीकडे सांगितलं की ज्या सरकारी जमिनीवर ते राहतात तिचा समतोल बिघडू देऊ नये. दोन्ही मागण्या रास्त आहेत. पण घोड्यांची संख्या वाढली की त्या एकमेकींना भिडतात, आणि ती वाढते फार वेगाने. कळप साधारण वर्षाला वीस टक्क्यांनी वाढतो, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट होतो. काही डोंगराळ भागांत पहाडी सिंह शिंगरं मारतात, पण बहुतेक ठिकाणी त्यांना आवरणारा शिकारी प्राणी उरलेला नाही.

जमिनीची जबाबदारी मुख्यतः ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या खात्याकडे आहे. पश्चिमेकडच्या दहा राज्यांत मिळून सुमारे २ कोटी ७० लाख एकर जमीन घोड्यांच्या कळपांसाठी राखलेली आहे, आणि रानातल्या जनावरांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या नेव्हाडात आहेत. जमिनीचा आकडा ऐकून वाटतं, एवढी जागा असताना अडचण कसली? पण हा माळ मी रोज पाहते. पावसाळा असा नाहीच. राखाडी झुडपं, मधेमधे गवताचे झुबके, आणि मैलोन् मैल पाण्याचा एकच झरा. ब्युरोच्या हिशेबाने या सगळ्या जमिनीवर सुमारे २६ हजार घोडे-गाढवं बसतात. २०२० च्या मार्चमध्ये ती ९५ हजारांवर गेली होती. त्यानंतर मोठ्या प्रमाणावर धरपकड झाली आणि २०२४ मध्ये आकडा ७३ हजारांवर आला.

हा २६ हजारांचा आकडा सर्वांना मान्य नाही, हेही सांगायला हवं. याच सरकारी जमिनींवर पशुपालकांची गुरंही चरतात, आणि एका गाय-वासराच्या जोडीला महिन्याला चराईभाडं किती, तर २०१९ ते २०२५ पर्यंत १.३५ डॉलर होतं. घोड्यांच्या बाजूचे लोक विचारतात, गवत कमी आहे तर गुरांसाठी पुरतं कसं? पशुपालक म्हणतात, आम्ही गुरं मोसमाप्रमाणे हलवतो, घोडे बारा महिने तिथेच असतात आणि झऱ्याकाठी चिखल करून टाकतात. मला यात पहिल्यांचं म्हणणं जास्त पटतं. पण दुष्काळी उन्हाळ्यात आटलेल्या झऱ्याभोवती बरगड्या निघालेले घोडे उभे असलेले मी पाहिलेत. त्यांना तिथेच राहू द्या असं त्या वेळी माझ्याच्याने म्हणवलं नसतं.

मग जास्तीचे घोडे पकडतात. खूपदा हेलिकॉप्टरने. पायलट कळपाला लांबून हाकत आणतो. शेवटी तागाच्या कापडाच्या दोन लांब भिंती नरसाळ्यासारख्या जवळ येत जातात आणि टोकाला कुंपण असतं. नरसाळ्याच्या तोंडाशी एक शिकवलेला घोडा सोडतात. तो सवयीने कुंपणाकडे धावतो आणि त्याच्या मागे कळप आत जातो. इथले लोक त्या घोड्याला ‘जूडस’ म्हणतात, येशूला पकडून देणाऱ्या शिष्याचं नाव. पाणी किंवा चारा ठेवून हळूहळू पकडण्याचीही पद्धत आहे. ती शांत असते, पण वेळ फार खाते.

पकडलेले घोडे कोंडवाड्यात येतात. रीनोच्या उत्तरेला पॅलोमिनो व्हॅलीत देशातल्या सर्वांत मोठ्या कोंडवाड्यांपैकी एक आहे. तिथे नर-मादी वेगळे करतात, दात बघून वय ठरवतात, लसी टोचतात, रक्त तपासतात, नरांना खच्ची करतात. आणि मानेवर ती खूण घालतात.

ती खूण जवळून पाहण्यासारखी असते. आपल्याकडे गुरांना तापल्या लोखंडाचा डाग द्यायचे. इथे लोखंड द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून गोठवतात आणि भादरलेल्या कातडीवर दाबतात. थंडीने केसांचा रंग तयार करणाऱ्या पेशी मरतात, केस परत येतात ते पांढरे. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या कीथ फॅरेल या पशुवैद्याने ही पद्धत बसवली. आकड्यांऐवजी वेगवेगळ्या बाजूंना फिरवलेले कोन वापरले, कारण आकडा खोडून दुसरा करणं सोपं, कोन बदलणं अवघड. त्या एका ओळीत सरकारी नोंदीची खूण, जन्मवर्ष आणि नोंदणी क्रमांक एवढं सगळं असतं. शेजारणीच्या घोडीच्या मानेवर मी नंतर कितीदा बोट फिरवलं. ते केस बाकीच्या केसांपेक्षा थोडे राठ लागतात.

घर म्हणजे चारशे चौरस फूट आणि आणखी बरंच काही

१९७३ मध्ये माँटानातल्या प्रायर डोंगरातल्या घोड्यांपासून दत्तक देण्याची सुरुवात झाली आणि १९७६ मध्ये ती देशभर लागू झाली. १९७१ पासून आजवर अडीच लाखांहून जास्त घोडे-गाढवं लोकांच्या दारी गेली आहेत.

अटी अशा. अर्जदार अठरा वर्षांचा हवा आणि जनावरांना छळल्याचा गुन्हा त्याच्या नावावर नको. प्रत्येक घोड्याला निदान चारशे चौरस फुटांची कुंपण घातलेली जागा हवी. न माणसाळलेल्या मोठ्या घोड्यासाठी कुंपण सहा फूट उंच हवं. घाबरलेला मस्टँग पाच फुटांवरून बिनदिक्कत उडी मारतो, म्हणून सहा. काटेरी तार चालत नाही. ऊन-वाऱ्यापासून आडोसा हवा. फी निदान १२५ डॉलर, जास्त मागणी असेल तर लिलाव, आणि आता लिलाव ऑनलाइनही होतो. भाड्याच्या तबेल्यात ठेवायची मुभा आहे, पण जागा या अटींत बसली पाहिजे. अमेरिकेतली आपली बरीच मंडळी उपनगरांत बिनकुंपणाच्या हिरवळीच्या घरांत राहतात, त्यांना हाच एक रस्ता आहे.

सर्वांत महत्त्वाची अट पुढची आहे. पहिलं वर्षभर घोडा तुमच्याकडे असतो, पण मालक सरकारच. वर्षाने पशुवैद्य किंवा तसा एखादा जाणकार लिहून देतो की जनावर नीट सांभाळलं आहे. मगच मालकीचा कागद मिळतो. अशा मालकी न मिळालेल्या घोड्यांची मर्यादा वर्षाला चार. वर्षाच्या आत झेपलं नाही तर घोडा परत करता येतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. दार बंद करून बसलेल्या, खूर वाढू देणाऱ्या माणसापेक्षा परत करणारा माणूस घोड्याचं जास्त भलं करतो.

कागद हातात आला की मात्र मस्टँग कायद्याच्या दृष्टीने साधा घोडा होतो. १९७१ च्या कायद्याचं छत्र तिथे संपतं.

ज्यांना घर मिळत नाही ते बहुतेक ओक्लाहोमा, कॅन्सस अशा राज्यांतल्या भाड्याने घेतलेल्या खासगी कुरणांत जातात. आपल्या पांजरपोळासारखंच, फक्त हजारो एकरांचं. तिथे गवत भरपूर असतं आणि म्हातारपण बरं जातं. पण कोंडवाडे आणि कुरणं मिळून साठ हजारांहून जास्त जनावरांचा खर्च आज सरकार उचलतं, आणि ब्युरोच्या घोड्यांसाठीच्या बजेटचा सुमारे दोन-तृतीयांश भाग त्यातच जातो. रानात काम करायला मग पैसा उरत नाही. दहा वर्षांवरच्या किंवा तीनदा दत्तकासाठी ठेवूनही मागे राहिलेल्या घोड्यांना २००४ च्या एका दुरुस्तीनुसार थेट विकता येतं, वर्षभराची वाट न पाहता. कोलोरॅडोतल्या एका माणसाने काही वर्षांत असे १,७०० हून जास्त घोडे विकत घेतले आणि ते खाटिकखान्याच्या वाटेला लावले, असं २०१५ च्या सरकारी चौकशी अहवालात उघड झालं. त्यानंतर विक्रीचे नियम कडक झाले.

कोणाला घर मिळतं आणि कोणाला नाही, हे पाहायला एकदा कोंडवाड्यात जाऊन यावं. मी गेले त्या दिवशी लोक आधी ठिपक्यांच्या, पांढऱ्या पट्ट्यांच्या, सोनेरी अंगाच्या घोड्यांपुढे थांबत होते. साध्या तपकिरी रंगाची, अकरा वर्षांची एक घोडी कुंपणाला टेकून उभी होती. तिच्यापुढे कोणी थांबलं नाही. तिच्या गळ्यातल्या पट्ट्यावरचा क्रमांक वाचायलाही नाही.

हजार डॉलरचा प्रयोग

२०१० नंतर काही वर्षं दत्तक जाणाऱ्या जनावरांचा आकडा वर्षाला दोन-अडीच हजारांवर घसरला होता. मंदीने लोकांचे हात आखडले होते, सुका चारा महागला होता, तयार घोडेही स्वस्तात मिळत होते. २०१९ च्या मार्चमध्ये ब्युरोने योजना आणली: न शिकवलेला घोडा दत्तक घ्या, १,००० डॉलर मिळतील. निम्मे पहिल्या साठ दिवसांत, निम्मे मालकीचा कागद झाल्यावर. त्या वर्षी दत्तक-विक्रीचा आकडा सात हजारांपुढे गेला. सगळ्यांना वाटलं, गाठ सुटली.

मे २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की यातले काही घोडे वर्षभर कुठल्यातरी कुंपणात उभे ठेवून, पैसे घेऊन, कागद मिळताच जनावरांच्या लिलावात नेले जात होते. काही ठिकाणी एकाच घरातल्या नातलगांनी प्रत्येकी चार-चार घेतले होते. लिलावात खाटिकखान्यासाठी घोडे उचलणारे दलाल बसलेले असतात. अमेरिकेत घोड्यांचे खाटिकखाने २००७ मध्ये बंद झाले, पण ट्रक मेक्सिको आणि कॅनडाला जाऊ शकतात. पुढच्या वर्षी ब्युरोने नियम बदलले आणि पैसे फक्त कागद मिळाल्यानंतर देणं सुरू केलं. २०२५ च्या मार्चमध्ये कोलोरॅडोतल्या केंद्रीय न्यायालयाने ती योजनाच रद्द केली.

योजना आखणाऱ्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांनी अडचण चुकीच्या जागी शोधली असं मला वाटतं. घोडा ठेवण्याची इच्छा आणि जागा असलेली माणसं या देशात आहेत. ती अडतात पहिल्या शंभर दिवसांपाशी. समोर चारशे किलोचं, सहा फुटी कुंपणाला धडका देणारं, माणूस दिसला की थरथरणारं जनावर आहे आणि त्याच्याजवळ कसं जायचं हे माहीत नाही. तिथे हजार डॉलर कामाला येत नाहीत. तिथे लागतो हात बसलेला माणूस.

माणसाळणं

मराठीत ‘माणसाळणं’ हा फार चांगला शब्द आहे. त्यात जनावर आपण होऊन माणसाच्या बाजूला येतं. शेजारणीने त्या घोडीसोबत जे केलं त्याला दुसरं नाव नाही.

घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे, आणि जो प्राणी डोळे रोखून सरळ चालत येतो तो त्याच्या लेखी वाघच. म्हणून पहिला नियम, सरळ जायचं नाही, तिरकं जायचं, नजर जमिनीवर. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा: ती जरा सैल झाली की आपण मागे सरायचं. कान हलला, ओठ चाटले, मान खाली आली, की लगेच एक पाऊल मागे. तिला कळतं की शांत राहिलं की हे दूर जातात. ताण द्यायचा आणि योग्य क्षणी सोडायचा, सारी विद्या एवढ्यातच आहे. पण तो क्षण ओळखायला शेजारणीला आयुष्य लागलंय. ती पूर्वी शाळेची बस चालवायची आणि चाळीस वर्षं घोड्यांत वावरली आहे.

मला तिने एकच काम दिलं. रोज संध्याकाळी अर्धा तास कुंपणात पालथ्या बादलीवर बसायचं आणि मोठ्याने वाचायचं. घोडीला दुसऱ्या माणसाच्या आवाजाची सवय व्हावी एवढाच हेतू. मी फोनवर मराठी पेपर वाचायचे. पहिले पाच-सहा दिवस ती टोकाला उभी राहायची, खाणंसुद्धा मी गेल्यावर. मी गाजर नेलं होतं. तिने ते हुंगलं आणि सोडून दिलं, कारण गाजर खायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. माळावरच्या घोड्याला वाळकं गवत ओळखीचं. लसूणघासासारखा भारी चारा एकदम दिला तर पोटदुखी होते, पायांत सूज उतरून घोडा कायमचा लंगडू शकतो. म्हणून चारासुद्धा हळूहळू बदलायचा.

नवव्या दिवशी शेजारणीने लांब बांबूच्या टोकाने तिच्या खांद्याजवळची उंच जागा खाजवली. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. आधी ती पळाली. परत बांबू, परत पळाली. चौथ्यांदा उभी राहिली. मग वरचा ओठ लांब होऊन हलायला लागला. दुसऱ्या दिवशी बांबू आखूड होता, चार दिवसांनी बांबू नव्हता, हात होता. मी तेव्हा बादलीवर बसलेली. शेजारणीचा तळवा त्या घोडीच्या मानेवर पडला आणि घोडीने एवढा मोठा श्वास सोडला की मला तो ऐकू आला. मी वाचायचं थांबले होते, तर शेजारीण हळूच म्हणाली, थांबू नकोस.

या कामासाठी संस्था आहेत. मस्टँग हेरिटेज फाउंडेशनने २००७ मध्ये टेक्सासच्या फोर्ट वर्थला एक स्पर्धा सुरू केली. प्रत्येक शिकवणाऱ्याला एक रानघोडा आणि साधारण शंभर दिवस, शेवटी जाहीर मैदानात प्रात्यक्षिक आणि लिलाव. ती पाहून कित्येकांना पहिल्यांदा कळलं की हा घोडा खोगीराला तयार होतो. त्याच संस्थेच्या दुसऱ्या उपक्रमात शिकवणाऱ्याला ठरावीक मोबदला मिळायचा आणि घोडा चार गोष्टींत तयार व्हावा लागायचा: मोरखीने धरू देणं, मागोमाग चालणं, चारही पाय उचलू देणं, ट्रेलरमध्ये चढणं-उतरणं. या चार गोष्टी येणारा घोडा साध्या, घोड्यांची थोडीफार सवय असलेल्या कुटुंबाला झेपतो.

दुसरी जागा म्हणजे तुरुंग. नेव्हाडातल्याच कार्सन सिटीच्या तुरुंगात कैदी रानघोडे शिकवतात, साधारण चार महिने एक घोडा. मग वर्षातून काही वेळा लिलाव होतो आणि लोक बाहेरून येऊन घोडे नेतात. अमेरिकेच्या सीमेवरच्या गस्तीलाही असे घोडे गेले आहेत, आणि कॅलिफोर्नियातल्या बार्स्टोच्या मरीन सैनिकांच्या ध्वजपथकानेही सोनेरी मस्टँग वापरले आहेत. लिलावाच्या दिवशी एखादा कैदी आपण घडवलेला घोडा शेवटचा फिरवून दाखवतो, तेव्हा बाकावरचे लोक बोलायचे थांबतात. दोघेही पहिल्या दिवशी एकमेकांना घाबरले असणार.

घरं शोधण्याइतकंच काम रानातही आहे, कारण वर्षाला सात-आठ हजार घोडे घरी गेले तरी त्याहून जास्त शिंगरं जन्मतात. घोडीला टोचायची एक लस आहे, पीझेडपी. डुकराच्या अंडाशयातल्या प्रथिनापासून ती तयार करतात. त्या प्रथिनाविरुद्ध घोडीच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात, ती तिच्या स्वतःच्या बीजांडाच्या आवरणाला चिकटतात आणि शुक्राणूला आत शिरता येत नाही. घोडी कळपात राहते, तिचं वागणं तेच राहतं, फक्त त्या वर्षी शिंगरू होत नाही. अटलांटिक किनाऱ्यावरच्या अ‍ॅसाटीग बेटाच्या मेरीलँड राज्यातल्या भागात १९९४ मध्ये ही लस द्यायला सुरुवात झाली. तिथला कळप धरपकड न करता आटोक्यात आला. आमच्या रीनोजवळच्या व्हर्जिनिया डोंगररांगेत स्वयंसेवक डार्ट बंदुका घेऊन ओळखीच्या घोड्या शोधत फिरतात. तिथले घोडे राज्याच्या ताब्यात आहेत, केंद्राच्या कायद्याखाली येत नाहीत, पण लस तीच. कष्टाचं काम आहे. प्रत्येक घोडी ओळखावी लागते, चाळीस-पन्नास मीटरवर जावं लागतं आणि बहुधा दरवर्षी परत टोचावं लागतं. नेव्हाडातल्या आडवाटेच्या, माणूस दिसताच मैलभर पळणाऱ्या कळपांना हे कसं जमवायचं, यावरच सरकारचा पैसा आणि डोकं लागायला हवं असं माझं मत आहे. शिंगरू जन्मून, पकडून, डाग देऊन, तीस वर्षं पोसण्यापेक्षा हे परवडतं आणि घोड्यालाही त्रास कमी.

मागच्या महिन्यात घोडीला येऊन वर्ष झालं. पशुवैद्य आली, तिने दात पाहिले, छातीला नळी लावली, चारही खूर उचलून बघितले. नालबंद सहा-सात आठवड्यांनी येतो, त्यामुळे घोडीला त्याचं काही वाटत नाही. पशुवैद्याने एक पाय उचलला आणि घोडीने दुसरा आपणच पुढे केला. पशुवैद्याने कुंपणाच्या खांबावर कागद ठेवून सही केली. मी तोवर खरारा करत होते आणि घोडी माझ्या खिशात गाजर शोधत होती.

शेजारणीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुसरा एक अर्ज भरून ठेवलेला आहे. घोडा एकटा राहत नाही, कळपाचं जनावर आहे, सोबत लागते. कुंपण वाढवून झालंय, आडोशाचा पत्रा या शनिवारी टाकायचाय. तिने कोंडवाड्यात फोन करून विचारलंय, ती अकरा वर्षांची तपकिरी घोडी अजून आहे का. आहे म्हणाले.